‘ना’ सुटा ठेवायचा

मी टीव्हीवरच्या रोजच्या मालिकांचे संवाद लिहिते. बोरिवलीतल्या आमच्या फ्लॅटच्या भिंती पातळ आहेत आणि मला प्रत्येक वाक्य मोठ्याने बोलून बघितल्याशिवाय चैन पडत नाही, त्यामुळे मालिकेतली सासू उद्या सुनेला काय सुनावणार हे शेजारच्या काकूंना चॅनलच्या आधी कळतं. एकदा त्यांनी मला लिफ्टमध्ये गाठून सांगितलं, "एवढं टाकून नका हो बोलू तिला, पोर आहे ती." मी म्हटलं, बघते. आणि खरंच दोन वाक्यं कमी केली.

संधिवात आधी अंगठ्यांत आला. मग बोटं वाकडी व्हायला लागली. सकाळी उठल्यावर मूठ वळायची नाही, वळली की सुटायची नाही. डॉक्टर म्हणाले, टायपिंग बंद. मी विचारलं, म्हणजे कमी? ते म्हणाले, बंद म्हणजे बंद. घरी आल्यावर मी नवऱ्याला पहिली गोष्ट बजावली ती ही, की हे बाहेर कुठे बोलायचं नाही. आमच्या धंद्यात बातमी लेखकाच्या आधी अंधेरीला चॅनलच्या ऑफिसात पोचते. बाईचे हात गेले असं एकदा कळलं की "ताई, तुम्ही आता आराम करा" म्हणत तुमची मालिका गोडीगुलाबीने दुसऱ्याच्या हातात देतात. आणि आराम करून मी करू काय? भिंतीशी बोलू? मी घाबरले होते, खोटं कशाला सांगू.

आधी नवऱ्याला टाइप करायला बसवलं. विम्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेला माणूस, वेळ होता, आणि दोन बोटांनी का होईना, टाइप करता येत होतं. पण जन्मभर ऑफिसची पत्रं लिहिलेली. मी बोलायचे, "थोबाड बघ आधी आरशात," आणि हा लिहायचा, "चेहरा बघ आधी आरशात."

"अरे, थोबाड म्हटलंय मी."

"बरं दिसत नाही गं ते."

"बरं दिसायला नाही बसवलाय तुला, लिहायला बसवलाय!"

दुसऱ्या दिवशी त्याने ऐन भांडणात 'सदर' घातलं. "सदर बाईला मी ओळखत नाही." मालिकेतली मोलकरीण हे बोलणार होती. मी त्याच्या हातातून लॅपटॉप काढून घेतला, म्हणजे बाजूला ठेव असं त्याला सांगितलं.

मुलगी पवईला कॉम्प्युटरच्या ऑफिसात आहे, लग्न झाल्यापासून तिकडेच राहते. ती रविवारी आली आणि बोललं की आपोआप टाइप होईल अशी सोय लॅपटॉपवर चालू करून दिली. पहिलं वाक्य पडद्यावर उमटलं तेव्हा एकदम झकास वाटलं. मग चष्मा लावून बघितलं. मी बोलताना जिथे जिथे थांबले होते तिथे दोन-दोन, तीन-तीन मोकळ्या जागा. स्वल्पविरामाच्या आधी जागा, प्रश्नचिन्हाच्या आधी जागा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे प्रत्यय सगळे सुटे पडलेले. 'आई ला', 'घरा त', 'त्या च्या शी'. दुधाचे दात पडलेल्या पोराच्या तोंडासारखं पान दिसत होतं. असं पान सेटवर गेलं असतं तर नटमंडळी पावलोपावली अडखळली असती. आणि ते साफ करायचं म्हणजे पुन्हा हात आलेच.

"आई, आपण त्याच्यासाठी एक छोटीशी स्क्रिप्ट लिहू," मुलगी म्हणाली.

"स्क्रिप्ट मी लिहिते. तू इंजिनियर आहेस."

"तुझी नाही गं! ही कॉम्प्युटरसाठी. आई अमुक शब्द बोलली की तमुक काम कर, असं त्याला सांगून ठेवायचं. दोन जागा असतील तिथे एक कर, स्वल्पविरामाआधीची खाऊन टाक, 'ला' एकटा दिसला की मागच्या शब्दाला चिकटव. तू नुसतं बोलायचंस."

हे मला पटलं. हुकूम सोडणं मला चांगलं जमतं, असं घरातल्या दोघांचंही म्हणणं आहे.

हुकमाचा शब्द आम्ही 'गाळ' ठरवला. जादाच्या जागा गाळ, म्हणून गाळ. सोमवारी मी स्वयंपाकघरातला सीन बोलत होते. सासू सुनेला म्हणते, "आधी चहा गाळ, मग तोंड उघड." मशीनने लगेच हुकूम पाळला, पान साफ केलं, तो शब्द गिळला आणि खाली ठेवलं, "आधी चहा, मग तोंड उघड." वाक्य काही अगदीच वाईट नव्हतं, पण माझं नव्हतं. मग 'गाळ'च्या जागी 'जोड' ठेवला. तर त्याच आठवड्यात मालिकेत देवळाचा प्रसंग आला आणि जो तो लहान मुलाला "हात जोड, हात जोड" करायला लागला. पानाचा पार बट्ट्याबोळ झाला.

"आई, हुकमाच्या आधी असा एखादा शब्द लाव, जो तू कधीच बोलत नाहीस," मुलगी फोनवर म्हणाली. "तूही नाही आणि तुझ्या मालिकेतली माणसंही नाहीत."

मी विचार करत होते. नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "कृपया."

फोनवर मुलगी हसत सुटली. मी नवऱ्याला काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. पण शब्द चपखल होता, ते मान्य करावं लागलं. बोलताना कृपया म्हणतं कोण? स्टेशनवरची घोषणा नाहीतर सोसायटीची नोटीस. तेव्हापासून मी दिवसभर एका डबड्याला "कृपया जोड" आणि "कृपया सगळं साफ" म्हणायला लागले. नवरा बाजूला बसून चहा पीत ऐकायचा. इतका सुखी तो मला लग्नातसुद्धा दिसला नव्हता.

कुठले कुठले प्रत्यय जोडायचे ते मुलीने विचारलं तेव्हा मी भराभर सांगितले. ला, ने, चा, ची, त, शी, हून. आणि ना. कारण 'मुलां ना', 'त्यां ना' असं तुटून येत होतं, 'जमे ना', 'बोले ना' तेही तसंच. म्हटलं, ना दिसला की जोड, काही विचारत बसू नकोस.

"नक्की ना?" मुलगी म्हणाली.

"मराठी मला शिकवू नकोस," मी म्हटलं.

काम धावायला लागलं. सीन बोलायचा, शेवटी "कृपया सगळं साफ" म्हणायचं आणि पाठवून द्यायचा. पूर्वी मी पाठवायच्या आधी पान न् पान वाचायचे. आता तेवढ्यासाठीही पान बोटाने सरकवायला लागायचं, आणि वाक्यं तर मीच बोललेली, त्यात वाचायचं काय, असं वाटायचं. असे बरेच भाग गेले.

मग अंधेरीहून फोन आला. आमच्या मालिकेचं कथानक आणि संवाद तपासणारी एक मुलगी तिथल्या ऑफिसात बसते, त्या कामाला सगळे 'क्रिएटिव्ह' म्हणतात. माझ्या मुलीहून लहान आहे, पण डोक्याने तल्लख, आणि मला ताई म्हणते ते मनापासून म्हणते.

"ताई, राग मानू नका," ती म्हणाली, "पण चॅनलचे सर विचारतायत, तुम्ही हल्ली हिंदीत लिहिलेलं मशीनकडून मराठी करून पाठवता का?"

मला आधी कळलंच नाही. "काय करून?"

"म्हणजे सगळीकडे हिंदीच येतंय, ताई. 'आई, मला सांगना.' 'माझ्याशी बोलना.' 'एवढं देना.' सेटवर नट विचारतात, हे कुठल्या भाषेत बोलायचं. सर म्हणाले, हे त्यांनी लिहिलेलं नाही. सोमवारी त्यांनी तुम्हाला भेटायला बोलावलंय. आणि... पुढचं कथानक दुसऱ्या कोणाला द्यायचं म्हणतायत."

फोन ठेवला आणि आधी पाठवलेली पानं नवऱ्याकडून उघडून घेतली. वाट लागली होती. एकूण एक 'ना' मागच्या शब्दाला नेऊन चिकटवलेला. अहो, विनवणी करायला मराठीत आपल्याकडे दुसरं आहे काय? प्लीज साहेबाचं, कृपया रेल्वेचं. आपला तो एवढासा ना. थांब ना. ऐक ना. दे ना. तो सुटा असतो, जरा लांबवून म्हणायचा असतो, सगळी गयावया त्यात असते. तोच जोडला की नकार होतो, जमेना, बोलेना. माझ्या मालिकेतली आई महिनाभर रुसलेल्या मुलीची मनधरणी करत होती, आणि मशीनने तिची एकेक मनधरणी चिकटवून तिला हिंदी बोलायला लावलं होतं. हुकूम माझाच होता, म्हणून राग काढायलाही कोणी नव्हतं. तरी मी नवऱ्यावर काढला.

संवाद टुकार आहेत म्हणाले असते तर ऐकून घेतलं असतं. पण हे तुमचं नाहीच, असं? या भाषेवर मी घर चालवलं, मुलगी शिकवली, आणि आता मला हिंदीची उचलेगिरी करणारी ठरवतात! आणि खुलासा काय करणार? खरं सांगायचं तर हात दाखवावे लागणार. नाही दाखवले तर चोर, दाखवले तर बिचारी. इकडे आड, तिकडे विहीर.

"सांगून टाक गं," नवरा म्हणाला.

"तुझं काय जातंय सांगायला!"

त्याने पेपराची घडी घातली. मग म्हणाला, "नाही सांगितलंस तरी काम जाणार, सांगितलंस तरी कदाचित जाणार. मग निदान स्वतःचं नाव तरी राख." मी म्हटलं, लेकीला फोन लाव.

मुलीला सांगितलं, तो ना आधी काढ. ती म्हणाली, "काढू नको, नियम सांग. कुठे जोडायचा, कुठे नाही?" मी सांगायला गेले आणि अडकले. 'त्यांना' जोडायचा. 'जमेना' जोडायचा. 'सांग ना' सोडायचा. मग 'आई ना, अशीच आहे' यात काय करायचं? तिथे जोडला तर आईचा आईना झाला. "लाडीगोडी असेल तिथे सोडायचा," मी शेवटी म्हटलं. मुलगी म्हणाली, "आई, लाडीगोडी मशीनला कशी शिकवू?" तेव्हा ठरलं, ना आपण होऊन जोडायचा नाही. हवा असेल तिथे मी स्वतः म्हणेन, "कृपया ना जोड." आणि पाठवायच्या आधी पान वाचायचंच, सरकवायला नवरा आहे.

सोमवारी अंधेरीला गेले. नवऱ्याला खाली चहाच्या टपरीवर बसवलं, लॅपटॉपची बॅग खांद्यावर अडकवून घेतली आणि हात ओढणीत गुंडाळून वर गेले. चॅनलचे सर सभ्यपणे बोलले. "मॅडम, मशीन वापरणं हा गुन्हा नाही. फक्त आम्हाला सांगायला हवं होतं."

"वापरते मी मशीन," मी म्हटलं. "का वापरते ते बघा." आणि ओढणी सोडून दोन्ही हात टेबलावर ठेवले.

क्रिएटिव्ह मुलगी हातांकडे बघत होती, सर बघायचं टाळत होते. त्यांच्या तोंडून बिचारी हा शब्द यायच्या आत मी म्हटलं, "लॅपटॉप उघड गं माझा. आणि सर, एक सीन सांगा, कुठलाही."

त्यांनी पुढच्याच कथानकातला सांगितला. मुलीने बॅग भरली आहे, आई दारात उभी आहे. मी दोघींचं बोलायला लागले. मधेच "कृपया जोड" म्हटलं तेव्हा सर हसले. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा हसले नाहीत. मुलगी म्हणते, तुझ्याशी बोलायचं काही राहिलेलं नाही. आई बॅगेकडे बघते. मग म्हणते, "थांब ना. जेवून तरी जा." पडद्यावर ना आपल्या जागी सुटा उभा होता. मी म्हटलं, "कृपया सगळं साफ," पान साफ झालं, आणि सर्वांनी ते वाचलं.

"पुढचं कथानक तुमचंच, मॅडम," सर म्हणाले. मग हळू आवाजात, "काळजी घ्या हां स्वतःची." असा आवाज त्यांनी माझ्याशी याआधी कधी काढला नव्हता. क्रिएटिव्ह मुलीने बॅग माझ्या खांद्याला न लावता स्वतःच्याच खांद्याला लावली आणि मला लिफ्टपर्यंत सोडायला आली.

घरी जायला रिक्षाच केली, कारण लोकलच्या गर्दीत मला दांडी धरता येत नाही.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"काम राहिलं."

"मग तोंड असं का?"

जोगेश्वरीच्या सिग्नलला रिक्षा थांबली आणि मला हुंदका आला. डॉक्टरांकडे आला नव्हता, एवढ्या दिवसांत घरी कधी आला नव्हता. काम जाईल या धास्तीत हातांसाठी रडायला मला फुरसतच मिळाली नव्हती. आता काम होतं, आणि हात परत येणार नव्हते. पर्समधून रुमाल काढायला गेले, तो बोटांत धरवेना. नवऱ्याने तो माझ्या हातातून घेतला आणि लहान मुलाचं पुसतात तसं माझं नाक पुसलं, रिक्षावाल्याच्या आरशासमोर. मी पुसू दिलं.