इंदूकाकूंचे टोमॅटो

फवारणीआधी इंदूकाकू चिमूटभर माती हवेत सोडायच्या. ती कुठं जाते ते बघूनच पंप पाठीवर घ्यायच्या. "वाऱ्याला इचारल्याबिगर फवारायचं न्हाय. आपलं औषध दुसऱ्याच्या रानात गेलं म्हंजी घरफोडीच की." गावात त्यांना भांडखोर म्हणत. ज्याचं चुकलं त्याला तोंडावर सांगणारी बाई आपल्याकडं भांडखोरच ठरते.

कोऱ्हाळ्यात चहूकडं ऊस आणि मधे काकूंचे अर्धा एकर टोमॅटो. नवरा गेल्यावर त्यावरच घर चाललं. शेजारचे बापूराव मोठे बागायतदार, माझ्या कृषी दुकानाचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक. एका वाऱ्याच्या दुपारी त्यांनी उसातल्या तणावर टू-फोर-डी मारलं. हे तणनाशक म्हणजे मुळात वाढीचं कृत्रिम संजीवक. रुंद पानांचं झाड त्यानं वेडंवाकडं वाढत सुटतं आणि वाढता वाढता मरतं. उसाला काही होत नाही.

आठवड्याभरात काकूंच्या टोमॅटोची पानं दोरीसारखी बारीक झाली, खोडं पिळवटली. एक रोप उपटून त्या दुकानात आल्या. बापूराव तिथंच चहा पीत बसले होते.

"दत्ता, तू शिकलेला हाईस. ह्यो रोग हाय का औषध?"

"व्हायरस हाय, काकू," बापूरावच बोलले. "औंदा समदीकडं हाय."

काकूंनी पिशवीतून गाजरगवताचं झाड काढून काउंटरवर ठेवलं. तेही तसंच पिळवटलेलं होतं. "ह्ये आपल्या बांधावरचं. टमाट्याला व्हायरस, गाजरगवताला व्हायरस, आन तुमच्या उसालाच तेवढा न्हाय व्हय, बापूराव?"

दोघंही माझ्याकडं बघत राहिले. मी कृषी पदवीधर. पान बघताच ओळखलं होतं, बाटलीही माझ्याच दुकानातली होती. आणि मी म्हणालो, "काकू, व्हायरसपण असू शकतो."

भांडखोर म्हटली जाणारी ती बाई भांडली नाही. "बरं," म्हणाली आणि दोन्ही रोपं पिशवीत घालून गेली. तिनं भरपाई मागितली नव्हती. पीक तर गेलंच होतं. कुणीतरी खरं बोलावं एवढंच तिला हवं होतं, आणि माझ्या जिभेला तेवढंही जमलं नाही. बापूरावांपेक्षा मला माझीच चीड येते.

त्यानंतर काकू दुकानात आल्या नाहीत. गेल्या वर्षी वारल्या. काही महिन्यांनी त्यांचा मुलगा आला. टोमॅटो कोण बघणार, म्हणून त्यानं त्या रानात ऊस लावला होता.

"उसातल्या तणाला काय मारू? आई म्हणायची, औषधातलं दत्ताला इचार, त्याला समदं कळतं."

मी टू-फोर-डीची बाटली काढून दिली.