घागरीवरची तीन बोटं

सुनेनं आज पितळी घागर चिंचेनं घासली आणि त्या वासासरशी जुना उन्हाळा आठवला. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि पाऊस नव्हता. मी वरातीच्या बँडात ट्रंपेट वाजवायचो; पुढचा दात पडला, फुंक धरेना, तसं बँडमास्तरांनी ते काढून घेतलं आणि ट्यूबाचा अवजड भोंगा खांद्यावर दिला. बोटांनी दाबायचे खटके दोन्हींना तीनच, पण त्याच सुराला बोटं वेगळी. टँकरच्या रांगेत रिकाम्या घागरीवर मी ती नवी बोटं घोकायचो. औशाच्या वरातीत मात्र माझी जुनी धून दुसऱ्यानं ट्रंपेटवर धरली आणि माझी बोटं ट्रंपेटचीच पडू लागली. ट्यूबा भलतंच बोंबलला. मास्तर म्हणाले, "शिकला न्हाईस का रं?" म्हटलं, "शिकलो मास्तर, पर बोटं जुनं इसरंनात." आता तोंडात एकही दात नाही. सुनेच्या हातून घागर घेतली, तर तीन बोटं आपोआप पडली, तीच जुनी.