पुठ्ठ्याचं मशीन

मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वैशाखऱ्याच्या अलीकडे आत वळलं की आमचा पाडा. नळ खालच्या गावात येऊन थांबलाय. तो वर आणायचा, एवढ्याचसाठी माझी वहिनी सरपंचपदाला उभी राहिली.

पूर्वी सदस्यच सरपंच निवडायचे. तेव्हा वहिनी सदस्य होती. निवडीच्या आधी बाकीचे सदस्य कुठल्याशा फार्महाउसवर मटण खायला गेले आणि परत येऊन त्यांनी दुसऱ्याच्याच नावाला हात वर केले. मग नियम बदलला, सरपंच थेट लोकांनी निवडायचा ठरलं. वहिनी खूश झाली. पण मुदत संपली तरी निवडणूक लागेना. प्रशासक म्हणून नेमलेले साहेब झेंडावंदनाला तेवढे दिसायचे.

शेवटी तारीख लागली ती भातं झोडून झाल्यावर. तेव्हा आमचा अर्धा पाडा शहापूरकडच्या वीटभट्ट्यांवर असतो. तारखा ठरवणाऱ्यांना हे ठाऊक नसावं, किंवा चांगलंच ठाऊक असावं. मला हे नंतरचंच खरं वाटतं.

वहिनी हार मानणारी नव्हती. मुकादमाच्या हातापाया पडून तिने मतदानाच्या आदल्या दिवशी टेम्पोने सगळ्यांना आणलं. अंगणात जेवणं झाली. थेट सरपंचाचं बटण वेगळं, सदस्यांची वेगळी, त्यात म्हातारी माणसं गोंधळतात. म्हणून तिने पुठ्ठ्याचं मशीन केलं होतं, त्यावर तिची निशाणी बादली. एकेकाने पुढे होऊन बटण दाबलं. माझी चुलत काकी तर दाबून झाल्यावर मशीनच्या पाया पडली. आम्ही पोट धरून हसलो.

संध्याकाळी निरोप आला, कोर्टाच्या कसल्याशा निकालाने मतदान पुढे ढकललं. सकाळी माणसं पुन्हा टेम्पोत बसली. मला फार संताप आला.

नव्या तारखेला वहिनी आणि मी परत भट्टीवर गेलो. भट्टी पेटलेली. मुकादम म्हणाला, "एकदा सोडली मान्सं. आता नाय जमायचं." वहिनीने निदान काकीला तरी चल म्हटलं. काकी चिखल थापता थापता म्हणाली, "परत कशाला गो? आमी दाबलं ना तुजं बटन. अंगनात, सगल्यांनी."

मी समजवायला तोंड उघडलं, पण वहिनीने माझा हात दाबला. टेम्पो रिकामाच परत आला. मतदान केंद्रावर जाऊन वहिनीने आपलं मत तेवढं दिलं. ती पडणार हे मोजणीआधीच आम्हाला कळून चुकलं होतं, आणि ती पडली. तेव्हापासून मला कुठल्याच निवडणुकीकडून काही आशा वाटत नाही. पुढची मुदत संपेल तेव्हाही भट्ट्या पेटलेल्याच असतील.

पावसाच्या तोंडावर भट्टीवरची माणसं परतली. काकी बोचकं ओट्यावर टाकून थेट आमच्या दारात आली.

"आला का गो नळ?"

वहिनीने कोपऱ्यातला हंडा उचलला. ते बघून काकी घाबरून म्हणाली, "मी बादलीच दाबलेली गो. देवाशपथ."