देवगडच्या देवीपुढचा धूर

डोंगरावरचा राजाचा किल्ला पाहाचा अन् संध्याकाळी घरी येऊन जेवाचं, असं मी ठरवलं. नगरधनचा किल्ला नागपूरले जवळ, पण तो सपाटीवर. मले चढाचं होतं. मंग देवगड काढला. ज्या गोंडराजानं आपलं नागपूर वसवलं, त्याची ही राजधानी. आता मध्यप्रदेशात येते. आमचे हे असते तं म्हणले असते, "घरच्या शिडीवर चढ नं." ते जाऊन सहा वर्सं झाले, आडवणारं कोणी नाही. सोबतीले लहान नणंद पकडली, कुसुम.

कुसुम भेकड. पण तिच्या भेवाले कारण आहे. मागं एक गांधीलमाशी चावली तं तोंड सुजून श्वास अटकला होता. धंतोलीच्या दवाखान्यात दोन दिवस ठेवली. डॉक्टरनं बजावलं, पुन्हा चावली तं उशीर करू नोका. तवापासून गोळ्या पर्समधीच राहते. मी तिले चिडवो, "काहून वं, तू माशीले भेते का माशी तुले?"

सकाळी सहाले निघालो. भाड्याची गाडी, दिवसाचे चार हजार, डिझेल त्यातच. सावनेरले पोहे खाल्ले, सौंसर गेलं, मंग सिल्लेवानीचा घाट लागला. वळण आलं का कुसुम डोळे मिटे.

"वहिनी, गाडी हळू चालवाले सांग नं वं."

"डोळे मिटून तुले काय कळते, हळू का जोरात?"

ड्रायव्हर हासला. तुम्ही जाल तं पुढचा रस्ता अरुंद आहे, नागपूरपासून साडेतीन तास धरूनच चाला. वर चहाची टपरीही नाही. डबा, पाणी, बसाले सतरंजी घरूनच न्या.

चढण पाऊण तासाची. दरवाजे, नगारखाना, पाण्याचं मोठं टाकं, सारं रानानं गिळलेलं. एवढ्या मोठ्या राजाच्या घरात आम्ही दोघीच. आपल्याच चपलेचा आवाज मागून कोणी येऊन राहिलं असा वाटे. मलेही भेव लागलं होतं, पण मी दाखवते का?

वर देवीचं ठाणं आहे. आमच्या गावाकडं देवीपुढं ऊद जाळल्याशिवाय पाठ फिरवत नाही. मी गोवरीचा तुकडा अन् ऊद डबीत आणलाच होता.

"वहिनी, वरतं पाह्य. मोहोळ आहे. नोको जाळू."

"देवीच्या पाहरेकरणी आहेत त्या. त्याहिले बी वास घेऊ दे."

अन् पेटवला.

आधी वाटलं, खाली कुठं मोटर सुरू झाली. मंग मोहोळाचा काळा पडदा हालला. खालून एक गुराखी वरडला, "बाई, हाथ मत मारो! अंदर घुसो!" मी बाटलीतलं पाणी ऊदावर ओतलं, तं धूर दुप्पट झाला. कुसुमले ओढत बाजूच्या अंधाऱ्या खोलीत नेली, दोघीवर सतरंजी घेतली, कडा पायाखाली दाबल्या. मले मानेवर तीन चावल्या होत्या. ते आठवलं मागून. मी फक्त तिचा श्वास ऐकून राहिली होती.

"तुले चावली का?"

"नाही."

"खरं सांग वं."

"एक. हाताले."

गोळी तशीच कोरडी गिळवली. बाहेरचा आवाज कमी होईना. माझ्या चिडवण्यापायी ही मरते का काय, असं मनात आलं. गुराख्यानं हाक मारेपर्यंत किती वेळ गेला, सांगता येत नाही. मंग उतरणं, मंग छिंदवाड्याचा रस्ता. मी ड्रायव्हरले म्हणत होती, "जोरात चालव गा, जोरात."

दवाखान्यात सुई दिली, तीन तास झोपवून ठेवली. ओठ सुजले, पण श्वास नाही अटकला. मी खाटेजवळ उभी. कुसुम सुजल्या तोंडानंच म्हणते, "वहिनी, बोल नं काही. दादा गेला तवाही तू एवढी चूप नव्हती."



घरी आलो तं तिच्या सुनेनं हाताचं विचारलं. कुसुम म्हणे, "काटा रुतला." ओठाचं विचारलं, म्हणे, "उन्हानं." माझं नाव घेतलं नाही.

आता तिचा फोन आला का मी आधी तिचा श्वास ऐकते, मंग बोलते. तुम्ही देवगडले जरूर जा. राजाचं घर पाहासारखं आहे. पण धूर नोका करू, अत्तर नोका लावू, अन् कोणी नोको म्हणलं तं ऐका.

अन् सूनबाई, तू हे मोबाईलवर वाचशीलच. काटा नव्हता रुतला. ऊद मी जाळला.