एडेमचे मोठे बाबा

मंदीचा तो पहिलाच उन्हाळा. दुबई मरीनातल्या आमच्या ऑफिसात एडेमचे वडील दुसऱ्यांदा वारले...

हसू नका. मी तेव्हा एचआरमध्ये होते आणि सुट्टीचं प्रत्येक रडगाणं आधी माझ्याकडे यायचं. एडेम आमचा ड्राफ्ट्समन, इमारतींचे नकाशे काढणारा, मूळचा आफ्रिकेतल्या घानाचा. आदल्या वर्षीच तो वडिलांच्या अंत्यविधीला जाऊन आला होता, आणि आता पुन्हा समोर उभा राहून सांगत होता, "माय फादर हॅज पास्ड अवे."

तेव्हाचे दिवस जे तिथे होते त्यांना आठवत असतील. खिडकीतून दिसणाऱ्या क्रेन हलायच्या थांबल्या होत्या. दर गुरुवारी कुणाला तरी केबिनमध्ये बोलावणं यायचं आणि रविवारी त्याची खुर्ची रिकामी असायची. शारजाहून येणाऱ्या आमच्या कारपूलमध्ये आता ऐसपैस बसता येत होतं, पण ते ऐसपैस बसणं कुणालाच नको होतं.

आमचे सर पुण्याचे. माणूस वाईट नव्हता, पण ड्राफ्टिंगमधून एक जण कमी करा असा वरून निरोप आला होता आणि त्यांची झोप उडाली होती. त्यांनी एडेमला आत बोलावून उलटतपासणी घेतली. तो बिचारा गोंधळला आणि शेवटी म्हणाला, "अंकल." वर मयत शेजारच्या देशात, टोगोमध्ये!

झालं. सरांचा पारा चढला. "अगं, हा घानाचा, याचे वडील टोगोत, आणि ते वडीलही नाहीत, अंकल! सरळसरळ थापा मारतोय. खलास. याचंच नाव देऊन टाकू." आखातात नोकरी गेली की व्हिसाही जातो, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

मलाही तो खोटारडाच वाटला होता, खरं सांगते. पण पँट्रीत तो एकटाच उभा दिसला, हातातला चहा न पिता. आता काय बोलावं? मग मी मराठी माणूस जे विचारतो तेच विचारलं... तुझं गाव कुठलं?

"अर्धं घानात," तो म्हणाला, "अर्धं टोगोत."

मग तो बोलत गेला. त्याचे लोक एवे. भाषाही एवेच. पूर्वी त्या भागावर जर्मनांचं राज्य होतं. पहिल्या महायुद्धात ते हरले आणि इंग्रज-फ्रेंचांनी तो मुलूख आपसात वाटून घेतला. मधल्या रेघेच्या अलीकडे एडेमचं घर आलं, पलीकडे त्याच्या आजोबांचं शेत. वडील अलीकडे राहिले, त्यांचे थोरले भाऊ शेताजवळ पलीकडे. गोरे साहेब कधीच गेले, रेघ तिथेच राहिली.

"मी आणि माझा चुलतभाऊ भांडतो एवेमध्ये," तो म्हणाला, "पण हिशोब तो फ्रेंचमध्ये करतो, मी इंग्लिशमध्ये." आणि मग जरा थांबून, "मॅडम, मी साइट व्हिजिट केल्याशिवाय बाथरूमच्या भिंतीची रेघसुद्धा ओढत नाही..."

आणि त्याने बोटाने हवेत एक सरळ रेघ ओढली.

पण ते अंकलचं काय? तो हसला, ओशाळल्यासारखा. म्हणाला, आमच्यात वडिलांच्या थोरल्या भावाला तोगा म्हणतात. एवेमध्ये 'तो' म्हणजे बाप, 'गा' म्हणजे मोठा. मागच्या वर्षी गेले ते सख्खे वडील, पण मला वाढवलं तोगांनीच. इंग्लिशमध्ये त्यांना काय म्हणायचं, तेच मला कळत नाही. फादर म्हटलं तर खोटं होतं, आणि अंकल म्हटलं तर ते परके होतात.

मी चहा तिथेच टाकून केबिनमध्ये घुसले. "सर, त्याचे मोठे बाबा गेलेत."

सरांनी मान वर केली. चष्मा काढला. "मोठे बाबा?"

"हो सर. वडिलांचे थोरले भाऊ. त्यांनीच वाढवलंय त्याला."

सर एकदम चिडून म्हणाले, "मग तसं सांगायचं ना! अंकल काय अंकल? अंकल तर आपण वॉचमनलाही म्हणतो." आणि जरा वेळाने, खिडकीकडे बघत, "मलाही मोठ्या बाबांनीच शिकवलं गं..." मग स्वतः उठून बाहेर गेले. एडेमच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "यल्ला, चल, तिकीट बुक कर."

नोकरी वाचली का? तेव्हापुरती. पुढच्या हिवाळ्यात ते सगळं डिपार्टमेंटच बंद झालं आणि आम्ही तिघेही तीन दिशांना गेलो. पण मोठ्या बाबांना निरोप द्यायला तो पोचला, ते महत्त्वाचं. सीमेवरच्या ऑफिसरने म्हणे विचारलं, मयत तुमचे कोण? एडेम पुन्हा अडखळला आणि शेवटी "तोगा" म्हणाला. ऑफिसरने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि एवेमध्ये म्हणाला, जा, उशीर करू नकोस.

हे आज लिहायचं कारण म्हणजे सकाळी एडेमचा मेसेज आला. रेघेपलीकडच्या त्या धाकट्या चुलतभावाला मुलगा झालाय. सोबत फोटो... एडेमच्या मांडीवर कपड्यात गुंडाळलेलं एवढंसं बाळ, आणि एडेमचे केस आता चांगलेच पांढरे.

एकमेकांचं नातं समजून घ्यायला आम्हाला तेव्हा इंग्रजांचीच भाषा वापरावी लागली होती, आणि नेमकी तीच अपुरी पडली होती. म्हणून आज मी काँग्रॅच्युलेशन्स लिहिलं नाही. तेव्हा त्याला शिकवलेले दोनच मराठी शब्द पाठवले.

मोठे बाबा!

त्याचं उत्तर लगेच आलं, वर्गातल्या हजेरीसारखं. "येस. प्रेझेंट."