बत्तीमावशीची अंगठी

सोन्याची खाण बंद पडून एकोणीस वर्षं झाली, गावात मोजून दोन माणसं उरली, तरी बत्तीमावशीचं नाव काही बदललं नाही. खाणीच्या तोंडाशी बत्तीघर होतं. खाली जाणाऱ्याने तिच्याकडून दिवा घ्यायचा आणि वर आल्यावर तिच्याच हातात द्यायचा. एका दुपारी अकरा दिवे परत आलेच नाहीत. त्यातला एक तिच्या नवऱ्याचा होता. पोटाला तर लागतंच, म्हणून पुढेही ती बत्तीघराच्या त्याच खिडकीत बसत राहिली.

दुसरा माणूस म्हणजे तिचा दीर. खाणीतला सुतार, आत छताला लाकडी टेकू द्यायचं काम त्याचं. आता गुडघे कामातून गेलेले, जीभ तेवढी शाबूत.

अशा गावाबाहेर एक मिनीबस एक्सल तुटून बसली. नवा एक्सल आणायला ड्रायव्हर एका ट्रकवर चढून गेला आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी येतो म्हणाला. मागे उरले एक निवृत्त हेडमास्तर आणि एक तरुण जोडपं. मुलीला सातवा महिना होता. नवरा पाणीसुद्धा बसल्या जागी मागायचा, म्हणून दिराने तासाभरात त्याचं नाव ‘जावईबापू’ ठेवून टाकलं. मावशीने तिघांनाही आपल्या दोन खोल्यांत सामावून घेतलं.

“सोनं संपलं म्हणून खाण बंद झाली का हो?” जावईबापूंनी जेवताना विचारलं.

“संपतंय कसलं? काढायला परवडेना,” दीर बोलून गेला.

मावशीने असं पाहिलं की त्याचा घास हातातच राहिला. पण व्हायचं ते झालं होतं. जावईबापूंचे डोळे चमकले. खाणीच्या तोंडावरच्या फळ्या लोकांनी कधीच सरपणाला नेल्या होत्या, अडवायला काहीच नव्हतं.

“आतले टेकू वाळवीने पोखरलेत. शिंकलात तरी छत खाली येईल,” दीर सारवासारव करू लागला.

“मग नाही शिंकणार,” जावईबापू हसले. मास्तरही चष्मा पुसत म्हणाले, जरा डोकावायला काय हरकत आहे?

अजून दोन दिवस जायचे होते. धडधाकट माणसावर मावशी कुठवर डोळा ठेवणार? पहाटे तिने दिराकडून कानस मागून घेतली, दार लावलं आणि बोटातली सोन्याची अंगठी काढून घासायला बसली.

“वहिनी, डोकं ठिकाणावर आहे ना?” दीर दाराबाहेरून म्हणाला.

“भावजी, तुम्ही बोलून मोकळे झालात. आता निस्तरू द्या मला.”

खाणीच्या जुन्या कारखान्यामागे, सोनं काढून घेऊन टाकलेल्या रेतीचा डोंगर होता. उजाडायच्या आत तिने तो सोनेरी भुसा तिथे एका कडेला मिसळला आणि चहाच्या वेळी सहज म्हटल्यासारखं म्हणाली, “आत कशाला मरायला जाता? रेतीतच कधीमधी सापडतं.”

दुपारी मास्तरांच्या परातीत चमचम दिसली. मग काय विचारता, दोघं उन्हातान्हात रेती धूत राहिले. जावईबापू बसल्या जागी पाणी मागायचंसुद्धा विसरले. मिळालेले कण त्यांनी औषधाच्या बाटलीत भरले. त्या रात्री मावशी दोन घास जास्त जेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी जावईबापू बत्तीघरातून एक दिवा उचलून निघाले. “टाकलेल्या रेतीत एवढं, तर आत किती असेल!”

हे मावशीच्या डोक्यातच आलं नव्हतं. अंगठी घासून तिनेच त्याला आतला रस्ता दाखवला होता. ती धावत सुटली आणि खाणीच्या तोंडाशी त्याला गाठलं. छाती भात्यासारखी चालली होती. अर्धी उरलेली अंगठी त्याच्यापुढे धरून तिने सगळं सांगून टाकलं.

तो ऐकून घेत होता, पण चेहऱ्यावर विश्वास नव्हता. “झिजते वापरून अंगठी. मावशी, आम्हाला चार कण जास्त मिळाले तर तुमचं काय जातंय?”

मागून त्याची बायको पोट सावरत आली. तिने दंड धरला. “बाळासाठीच जातोय,” म्हणून त्याने हात सोडवून घेतला आणि दिवा पेटवला.

खोटं बोलून झालं, खरंही बोलून झालं. मग मावशीच्या तोंडून खिडकीतला रोजचा प्रश्न आपोआप बाहेर पडला. प्रत्येक पाळीला प्रत्येक माणसाला ती तो विचारायची आणि उत्तर वहीत लिहायची. आवाजही तसाच निघाला, कोरडा, कामापुरता.

“नाव सांगा. आणि काही झालं तर कोणाला कळवायचं?”

“माझ्या बायको...” तो म्हणाला आणि थांबला.

बायको हाताच्या अंतरावर उभी होती. “मावशी, लिहून घ्या,” ती म्हणाली. “मी इथेच बसते, कळवायला लांब जायला नको.” आणि खरंच ती तिथल्या दगडावर बसली.

मग वात खाली करून त्याने दिवा मावशीच्या हातात दिला. तिने तो दोन्ही हातांनी घेतला. तिचा स्वतःचा नवरा शेवटचा खाणीत उतरला तेव्हा तिने हेच विचारलं होतं, आणि खिडकीत वाकून तो हसत म्हणाला होता, “तुलाच की, दुसरं आहे कोण मला?”