उत्तरेकडचा पेपर

भोर संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती, पण तिथल्या शाळेचा थाट संस्थानीच राहिला होता. बाकं होती, पृथ्वीचा गोल होता, भिंतीवर मोठाले नकाशे होते. आमची मार्गासनीची शाळा मारुतीच्या देवळात भरायची. परीक्षा मात्र दोन्ही शाळांना एकच: सातवीची फायनल, भोरच्या केंद्रावर. याचा मला तेव्हाही राग यायचा, अजूनही येतो.

त्यात आमची सातवीची पहिलीच तुकडी, तीन पोरांची. शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी गुरुजींना बजावलं होतं, यंदा एकही पोर पास झालं नाही तर वर्ग बंद. म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीनं आणि तिच्याबरोबरच्या सगळ्यांनी सहावीनंतर गुरं वळायची.

नकाशा मागून मागून गुरुजी थकले. शेवटी त्यांनी देवळापुढचं अंगण सारवून घेतलं आणि राखेनं त्यावर अख्खा हिंदुस्थान काढला. उत्तर म्हणजे खरीखुरी उत्तर, सिंहगडाची बाजू. तिकडं तोंड करून उभं राहायचं आणि गुरुजी नाव घेतील त्या गावाला चालत जायचं. गोदावरी ओलांडताना मी परकर वर धरायची.

भोरला पेपराला बसलो, तर बाकं दक्षिणेकडे तोंड करून मांडलेली. कोरा नकाशा भरायचा होता. सकाळच्या उन्हावरून उत्तर ओळखली, ती नेमकी पाठीमागं. कागदाची वरची बाजू म्हणजे उत्तर, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. हिमालय पाठीशी ठेवून गंगा आणायची कुठून? डोकं चालेना. मी सरळ उलटी वळले आणि मागच्या मुलाच्या बाकावर कागद ठेवून लिहायला लागले.

"कॉपी करतेस?" पर्यवेक्षकांनी कागद ओढून घेतला.

कॉपीचा ठपका शाळेवर आला तर माझ्यापायी वर्ग जाणार, एवढंच सुचलं.

"न्हाई जी, म्या बघत न्हाई. म्या उत्तरंला त्वांड केलंय."

भोरची पोरं फिदीफिदी हसली. पर्यवेक्षकांनी सहज मान वळवली, तर खोलीच्या दोन टोकांना आमच्या शाळेची दोन्ही पोरंही तशीच उलटी वळलेली.

"शाळेत नकाशा नाही का गं?"

"हाय की. अंगणात हाय."

ते हसले नाहीत. कागद परत दिला आणि आम्हा तिघांना मागच्या भिंतीकडे तोंड करून, लांब लांब, जमिनीवर बसवलं. बाकाची सवय होती कुणाला? मांडी घातली आणि हात सुटला.

आमच्यातला एकजण गणितात आपटला, पण आम्ही दोघं पास झालो. मला इतका आनंद झाला की रडूच फुटलं.

जूनमध्ये बहिणीला सातवीत बसवायला गेले, तेव्हा वरच्या धनगरवाड्यावरचे एक बाबा देवळाच्या पायरीशी उभे होते, लेक मागं काठी धरून. ती सहावी पास झालेली, पण वर्ग जाणार असं ऐकून त्यांनी तिला शेरडांमागं लावलं होतं.

"गुरुजी, वर्ग ऱ्हायला म्हनं?"

"राहिला. पाठवा तिला."

बाबांनी लेकीच्या हातातली काठी स्वतःकडे घेतली.

"बस तू हितं. शेरडं म्या बघतो," म्हणाले, आणि डोंगराला लागले.